येसाजी अज्जांची चतुःसीमा

पूर्वेस: अपार्टमेंटचं पार्किंग

तीनशे पत्रिका छापून आल्या होत्या आणि त्यातली एकही घराबाहेर पडत नव्हती. पहिली पत्रिका पूर्वजांच्या पायाशी ठेवायची, मग जगाला वाटायची, असा गिरीराजच्या घराण्याचा रिवाज. मुलीचं, सौम्याचं, लग्न पंधरा दिवसांवर आलेलं, आणि पूर्वज, म्हणजे गिरीराजचे पणजोबा येसाजी, येलहंक्यातल्या एका अपार्टमेंटच्या गेस्ट पार्किंगमध्ये अडकलेले.

गुडघाभर उंचीचा दगड. गिरीराजची आई गोजराबाई एकोणसाठ वर्षं त्याला तेल लावत आली होती. दगडाच्या माथ्यावर एक फुली कोरलेली होती. तिच्यात ती हळद भरायची. पूर्वी ह्या घराण्यात गेलेल्या माणसांना पुरायचे, आणि ती जागा इथंच कुठंतरी होती, एवढंच सगळ्यांना ठाऊक. पुढं सगळे हेब्बाळच्या विद्युत दाहिनीत जाऊ लागले, जागा विसरली गेली आणि दगड तेवढा राहिला.

सोसायटीचा सेक्रेटरी दामोदर माणूस चांगला होता. "अण्णा, समाधी असेल तर कागद आणा, मीच रोज फूल वाहतो. नाहीतर सोमवारी दगड उपटायला जेसीबी येतो."

"आणि तोवर पत्रिका?" गिरीराजने घरी येऊन विचारलं.

"तोवर कपाटात," गोजराबाई म्हणाली. "उपटायला निघालेल्या पायांशी लग्नाची पत्रिका ठेवत नाहीत."

पश्चिमेस: तालुका ऑफिस

अडीच दिवस, तीन टेबलं, सहा चहा. शेवटी मोजणीचा जुना नकाशा हाती आला. कडा कुरतडलेल्या, पण शाई ठसठशीत. दगड जिथं उभा होता, नेमका तिथं एक ठिपका होता आणि ठिपक्यावर फुली.

"सापडले!" गिरीराज ओरडला.

"कोण सापडले?" क्लार्कने मान वर केली. "हद्दीचा दगड आहे तो, सार. तीन गावं मिळतात तिथं सरकार पुरतं. वर फुली असते बघा."

गिरीराजने त्या नकाशाची नक्कल मागितली.

दक्षिणेस: स्वयंपाकघर

"अप्पा, तू सांग," सौम्या कुजबुजली.

"तुझं लग्न आहे, तू सांग."

"तुझी आई आहे!"

"कुजबुजताय काय?" आतून गोजराबाई. "मला बाकी काही ऐकू येत नसेल, कुजबुज येते."

गिरीराजने नकाशा उलगडला. नकाशात त्याच सर्व्हे नंबरात सात गुंठ्यांचा एक तुकडा होता, आत लिहिलेलं 'स्मशान'. पण तो कुठून मोजायचा? गिरीराजने मोजणीचे पैसे भरले आणि अम्माला फक्त म्हणाला, "रविवारी सरकारी बाई येणार आहेत, दगड बघायला."

"येऊ दे. पुरणपोळी करते."

उत्तरेस:

सर्व्हेअर गंगव्वा निपाणीकडची, त्यामुळे मराठी खणखणीत. तिने दगडाभोवती एक फेरी मारली, माथ्यावरची हळद बोटाने पुसली, फुली बघितली आणि चक्क टाळी वाजवली.

"अहो, ह्या भागात मूळचा एक दगड शिल्लक नाही! घरं बांधताना सगळे उपटले. हा कसा राहिला?"

"आमच्या सासरच्या घराण्यातले आहेत ते," गोजराबाई म्हणाली. "येसाजी."

गिरीराजने डोळे मिटले. "अम्मा, स्वल्प ऐक. तो... मोजणीचा दगड आहे. सरकारी."

एक स्कूटर गेली. दामोदरने उगीच घड्याळ बघितलं.

गोजराबाईने दगडाकडे पाहिलं, मग स्वतःच्या तेलकट बोटांकडे. आणि हसत सुटली. इतकी, की सौम्याला तिला खुर्ची द्यावी लागली.

"सासूनं बोट दाखवलं होतं, ते बघ आपले अज्जा. मी नवी नवरी, पदर नाकापर्यंत. पायाजवळचा दगड तेवढा दिसला, ठेवलं डोकं! सासू काही बोलली नाही. म्हणाली असेल मनात, सून फारच भाविक दिसते."

"बरं झालं डोकं ठेवलंत, अज्जी," गंगव्वा टेप सोडत म्हणाली. "देव केलात म्हणून कुणी उपटला नाही. आता ह्याच्यावरूनच मोजते."

नकाशात तुकडा उत्तरेला होता. टेप पार्किंग ओलांडून भिंतीला भिडला. भिंतीपलीकडे सरकारी जागेत घाणेरीचं रान. दामोदरने माळ्याचा कोयता आणला आणि स्वतःच शिरला. अडतिसाव्या मीटरला कोयता खणकन वाजला.

समाधीचे तीन ओटे. मधल्यावर चंद्र-सूर्य कोरलेले, खाली सुबक अक्षरांत: येसाजी.

"सासूचं बोट इकडं होतं तर," गोजराबाई म्हणाली. सौम्याने पहिली पत्रिका ओट्यावर ठेवली, वाऱ्याने उडू नये म्हणून वर एक पुरणपोळी. गंगव्वाने सात गुंठ्यांच्या कोपऱ्यांवर चुना मारला आणि दोन पोळ्या उभ्याउभ्याच खाल्ल्या.

"सरी, ठीक आहे," दामोदर कपाळ पुसत म्हणाला, "मग सोमवारी तो दगड..."

"हात लावून बघा," गंगव्वा म्हणाली. "सरकारी आहे."

परत येताना गोजराबाई त्या दगडापाशी थांबली. "सौम्या, अजून एक पत्रिका काढ. पेन आहे?"

सौम्याने लिहिलं: श्री. हद्दीचा दगड, गेस्ट पार्किंग, येलहंका. "अज्जी, खाली 'सहकुटुंब सहपरिवार यावे' छापलंय."

गोजराबाईने बोटभर तेल त्याच्या माथ्यावर चोळलं.

"खोड ते. बाकीचे सगळे उपटले म्हणाली ना ती? एकटाच आहे बिचारा. आपल्या घरातलाच म्हणून बोलाव."