गाणारी की झाडणारी?

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे. काळा, जड, तबकडी फिरवायचा. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की फार सोशिक असल्याचा आव आणतात. मला ते जमणार नाही. मी जन्मभर जळलो आहे, आणि ज्याच्यावर जळलो तो समोरच्याच खोलीत बसलेला असायचा.

शिकागोजवळच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्या पोटात पितळेच्या दोन वाट्या बसवल्या आणि त्यांच्यामध्ये एक छोटी हातोडी. तपासणीला बसलेल्या बाईंनी मला पहिल्यांदा वाजवलं आणि त्या दचकून म्हणाल्या, "बाई गं, हा तर मेलेल्याला उठवेल!" ती माझी पहिली शाबासकी. तिथून मला इंडियानातल्या गॅरी गावी, टॉलिव्हर कुटुंबाच्या घरी नेलं. लुशस टॉलिव्हर पोलादाच्या कारखान्यात भट्टीवर कामाला होता. त्याची बायको ओडेसा शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांचं जेवण करायची. आमची सगळी गल्लीच काळ्या माणसांची होती. पॅसेजमधल्या कोनाड्यात मला बसवलं, तेव्हा शेजारणी मला बघायला आल्या. प्रत्येकीने रिसीव्हर कानाला लावून पाहिला. मी फुगून गेलो होतो.

वर्षभरातच तो आला.

लाकडी कपाटाएवढा टीव्ही, दोघांनी उचलून आणलेला. ओडेसाने त्याच्या डोक्यावर स्वतः विणलेला रुमाल घातला, त्यावर लग्नाचा फोटो ठेवला, फुलदाणी ठेवली. मला काय मिळालं? दोरीला बांधलेली एक पेन्सिल. वर आणखी दुखणं असं की तो त्यांचा स्वतःचा होता. आम्हा टेलिफोनना तेव्हा विकत घेताच येत नसे. मालकी कंपनीची, घरात आम्ही भाड्याने. म्हणजे तो जावई आणि मी भाडेकरू. नव्याचे नऊ दिवस, अशी मी मनाची समजूत घातली, पण त्याचे नऊ दिवस काही संपेनात.

माझ्या कोनाड्यातून मला त्याची पाठ दिसायची आणि समोरच्या सोफ्यावर बसलेली माणसं दिसायची. त्याचा पडदा मी एकदाही पाहिलेला नाही. त्यात काय चाललंय ते मी त्या माणसांच्या तोंडावर वाचलं.

एका बाबतीत मात्र तो माझ्यावाचून पांगळा होता. त्या काळात टीव्हीवर आमची काळी बाई दिसणं म्हणजे गर्दीच्या बाजारात हरवलेली बहीण दिसण्यासारखं होतं. दिसली म्हणेपर्यंत नाहीशी. म्हणून जिला आधी दिसेल तिने दुसरीला फोन करायचा, दुसरीने तिसरीला, अशी आमच्या लोकांत रीतच होती. समोरच्या घरातली अर्लीन त्यात सगळ्यांच्या पुढे.

"अगं ओडेसा, चॅनल पाच लाव, पाच! आपली एक आलीय!"

"गाणारी की झाडणारी?"

"गाणारी! चंदेरी झगा घातलाय. पळ, मेले, बोलत काय बसलीस!"

ओडेसा पळत नसे. ती आधी माझी तबकडी फिरवून पुढच्या घराला कळवायची आणि मग पळायची. बघता बघता गल्लीभर माझे भाऊबंद खणखणू लागत. असा रुबाब होता माझा! पण निरोप सांगून झाला की मला आपटून सगळ्या त्याच्यापुढे जाऊन बसत. मेहनत माझी आणि दर्शन त्याचं. कितीदा तर ओडेसा पोचेपर्यंत गाणं संपलेलं असायचं. ती परत येऊन फोन करायची, "गेली गं. केस तेवढे दिसले." तरी दोष मला. तबकडी हळू फिरते म्हणे!

झाडणारी असली की कुणी पळत नसे, तरी बघत सगळ्याच. झाडणारी म्हणजे गोऱ्या लोकांच्या घरी काम करणारी जाडजूड बाई. ती डोळे मोठे करायची, धन्याच्या मुलांसाठी जीव टाकायची आणि सगळ्यांना हसवायची. सोफ्यावरची तोंडंही आधी हसत. मग एकेक तोंड मिटत जाई.

"माझी आई जन्मभर लोकांच्या घरी राबली," ओडेसा एकदा म्हणाली. "घरी आली की बूट काढून बसायची आणि कितीतरी वेळ कुणाशी बोलायची नाही. ही बाई घरी कधी जाते गं? हिला घर आहे की नाही?"

"तिला घर दिलं तर मग तिच्या घरात काय चालतं तेही दाखवावं लागेल ना," लुशस म्हणाला.

हे सगळं त्यांची एकुलती एक मुलगी व्हर्नेल जमिनीवर बसून ऐकायची. आता इथे मला थोडी बढाई मारू द्या, कारण व्हर्नेल आधी माझी होती. शाळेतून आली की माझा रिसीव्हरखालचा खटका बोटाने दाबून धरायची, रिसीव्हर कानाला लावायची आणि भिंतीवरच्या आरशात बघून बोलायची. "हॅलो, डॉक्टर टॉलिव्हर बोलतेय. लगेच निघते." कधी ती न्यायाधीश असायची, तर कधी नवऱ्याला हाकलून देणारी श्रीमंत बाई. पलीकडे कुणी नसायचं. मी एकटाच ऐकायचो. टीव्हीने तिला अशी एकही बाई दाखवली नव्हती. मग पोरीने ती बघून बघून उचलली असं कसं म्हणता येईल? तिने ती माझ्यापाशी उभी राहून घडवली. पण मोठी झाल्यावर तिला जायचं कुठे होतं? त्याच्या पोटात! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

ती कॅलिफोर्नियाला गेली. जाताना ओडेसाने स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढून तिच्या हातावर बांधलं. पुढची काही वर्षं दर रविवारी, चर्चहून घरची मंडळी परतली की, माझ्यातून तिचा आवाज यायचा. झाडणारीची कामं मिळतात, म्हणायची. कधी कधी तिने फक्त दार उघडायचं असायचं. मेकअपच्या पेटीत तिच्या रंगाचं काहीच नसायचं, म्हणून ती घरून स्वतःच लावून जायची. ओडेसा म्हणायची, "परत यायचं तर ये, भाजी उरलेलीच असते." व्हर्नेल म्हणायची, "अजून नाही, ममा."

मग एका रविवारी ती बोलली ते ओरडूनच. तिला डॉक्टरचं काम मिळालं होतं! दवाखान्याच्या मालिकेत, पांढरा कोट घालून. मुलाची काळजी करणाऱ्या एका गोऱ्या आईला तिने सांगायचं होतं, "तुम्ही घरी जाऊन झोपा. आता मी आहे इथे." तेवढंच वाक्य, पण डॉक्टरचं.

"नंतर त्यांनी तेच वाक्य त्या मुख्य नटाकडूनही म्हणवून घेतलं," ती हसत म्हणाली. "जास्तीचं असू दे म्हणे."

ओडेसाने मला खाली ठेवलंच नाही. बोटाने खटका दाबला आणि अर्लीनचा नंबर फिरवला. त्या दिवशी गल्लीतलं एकही घर सुटलं नाही.

ती संध्याकाळ आली. ओडेसाने रताळ्याचं गोड पक्वान्न भाजलं. टीव्ही तीनदा पुसला. माझ्यावरून फडकंसुद्धा फिरलं नाही. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. अर्लीन तर चर्चला घालायची निळी हॅट घालून आली.

"टीव्ही बघायला हॅट?" लुशसने विचारलं.

"पोरगी तिथून माझ्याकडे बघेल तेव्हा मी काय बोडक्या डोक्याने बसू?"

मालिका सुरू झाली. मला नेहमीसारखी तोंडं दिसत होती. आता येईल, आता येईल, असं प्रत्येक तोंडावर लिहिलेलं होतं. ओडेसाचे ओठ हलत होते. वाक्य तिलाही पाठ होतं. आणि खोक्यातून एका पुरुषाचा आवाज आला, "तुम्ही घरी जाऊन झोपा. आता मी आहे इथे."

"ते व्हर्नेलचं वाक्य आहे," लुशस म्हणाला. "हा का म्हणतोय?"

"त्याच्या मागे बघ," अर्लीन हळूच म्हणाली. "ती बाही दिसतेय ना, तो हात? घड्याळ ओडेसाचं आहे."

मग जाहिरात लागली. पक्वान्नाला कुणी हात लावला नव्हता.

आणि मी वाजलो. मेलेल्याला उठवणारा मी, पण त्या खोलीतलं कुणी उठेना. कोण आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्याकडे अंधार पडतो तेव्हा कॅलिफोर्नियात ऊन असतं. तिकडे मालिका उशिरा दाखवत. व्हर्नेलने अजून काहीच पाहिलेलं नव्हतं.

"उचलू नकोस," लुशस म्हणाला. "तिला एवढी संध्याकाळ तरी मिळू दे."

ओडेसा उठली.

"ममा! पाहिलंस? कशी दिसले? सगळ्या मैत्रिणी येताहेत इकडे, मी चिकन तळतेय. बोल ना, कशी दिसले?"

ओडेसाने माझी वायर बोटांभोवती गुंडाळली होती. इतकी घट्ट की मलाच कळ लागली.

"घड्याळ छान दिसलं," ती म्हणाली. मग म्हणाली, "बाळा, ते वाक्य मला म्हणून दाखव."

"अगं, आत्ताच तर ऐकलंस!"

"मला तुझ्याकडून ऐकायचंय. अंगावर कोट आहे असं समज. आणि मोठ्याने म्हण, तुझा बाप भट्टीवर राहून बहिरा झालाय."

तिने रिसीव्हर खोलीकडे धरला. मी माझ्यात होता नव्हता तेवढा जोर लावला.

"तुम्ही घरी जाऊन झोपा," व्हर्नेल म्हणाली. "आता मी आहे इथे."

मित्रांनो, ती काय बोलली! हुकूम होता तो, आणि मायाही होती. लुशस भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. अर्लीन म्हणाली, "आमेन," आणि मागून सगळी खोली "आमेन" म्हणाली.

"कोण आहे तिथे?" व्हर्नेलने विचारलं.

"सगळे आहेत. आता ऐक, पोरी. तुझं वाक्य त्यांनी त्या नटालाच दिलं. तुझा हात तेवढा दिसतो. मैत्रिणींच्या देखत तुला पहिल्यांदा कळू नये, म्हणून सांगतेय. आधी सांगितलं असतं, तर तू असं म्हणू शकली नसतीस. आणि मला ते हवं होतं. ते माझ्या हक्काचं होतं."

पलीकडे चिकन तडतडत असल्याचं मला ऐकू येत होतं.

"मग मी त्यांना काय सांगू, ममा?"

"आधी गॅस बारीक कर, करपेल ते. मग त्यांना जेवायला घाल. आणि हात दिसला की सांग, हात पुढे आलाय, बाकीची मी मागून येतेय."

मी जिंकलो होतो. त्याने गिळलेलं वाक्य माझ्यातून आलं होतं. वर्षानुवर्षं मला हेच हवं होतं, की त्याने सगळ्यांसमोर तोंडघशी पडावं आणि मान माझ्याकडे यावा. पण ओडेसा फोन ठेवून परत गेली, टीव्ही बंद केला आणि बंद टीव्हीसमोरच बसून राहिली. ते मला बघवेना. मी तेव्हाही जळलो, पण त्या जळण्यात गंमत नव्हती.

व्हर्नेल परत आली नाही. बाकीची ती मागून खरंच आली. आधी नुसता चेहरा आला, मग वाक्य, मग न्यायाधीशाचं काम. प्रत्येक वेळी मी गल्लीभर खणखणलो. हळूहळू तिच्यासारख्या आणखी दिसू लागल्या. वकील आल्या, पोलीस आल्या, कपटी सासवा आल्या, विनोदी आल्या, आणि झाडणारी आलीच तर तिलाही घर असायचं. मग एके दिवशी अर्लीनने फोन केला, "ओडेसा, सात लाव, आपली एक आलीय!" ओडेसा म्हणाली, "थांब गं, मी पाचवर दुसरीला बघतेय." दोघी हसल्या आणि फोन ठेवला. त्यानंतर त्या कामासाठी मी कधीच वाजलो नाही. गरज सरो, वैद्य मरो.

लुशस गेला, अर्लीन गेली, ओडेसा गेली. माझी तार काढली गेली. तो टीव्ही कधीच भंगारात गेला होता. मला व्हर्नेल कॅलिफोर्नियाला घेऊन आली. आता तीही म्हातारी झाली आहे. तिच्या फळीवर मी असतो, आणि शेजारी तिच्या नातीचा, कियोनाचा, मोबाइल चार्जिंगला लावलेला असतो. केवढासा तो! पण तो म्हणजे मी आणि टीव्ही एकाच अंगात. ज्याच्यावर जन्मभर जळलो त्याच्याबरोबर माझा असा संसार व्हावा, आणि त्यात माझं नावही नसावं! त्या मोबाइलवर तर मी दुप्पट जळतो.

परवा कियोना सोफ्यावर लोळत त्यावर काहीतरी बघत होती. सवयीने मी तिच्या तोंडाकडे बघितलं. जुन्या सोफ्यावरच्या प्रत्येक तोंडावर एक धास्ती असायची, की आता आपल्या बाईला कसं दाखवतात कोण जाणे. कियोनाच्या तोंडावर ती नव्हती. तिने जांभई दिली.

"काय लावलंयस?" व्हर्नेलने विचारलं.

"दवाखान्याची मालिका. आजी, ही आपली डॉक्टरीण आहे ना, फार कंटाळवाणी आहे गं. दुसरं काहीतरी लावते."

व्हर्नेल तिच्याकडे बघतच राहिली. मग ती हसायला लागली. हसता हसता डोळे पुसत फळीपाशी आली, तिने मला उचललं आणि लहानपणीसारखा माझा खटका बोटाने दाबून धरला.

"ममा," ती म्हणाली, "ऐकलंस का? पोरगी म्हणतेय, डॉक्टरीणबाई कंटाळवाणी आहे!"

मला तार नाही हे मला माहीत आहे. तरी तो फोन लागला.

म्हणून एकच मागणं आहे, मित्रांनो. घरातली जुनी वस्तू बंद पडली तरी तिच्यावरून अधूनमधून फडकं फिरवा आणि तिला जवळ ठेवा. कधीतरी तुमच्याकडे मोठी बातमी येईल आणि ती ज्याला सांगायची ते माणूस उरलेलं नसेल. तेव्हा हातात धरायला काहीतरी लागेल. मोबाइलचं मला सांगू नका. तो त्या वेळी चार्जिंगला असेल.