लोटू महाराजांचा अकराचा आकडा

गोडादऱ्यातल्या त्या इमारतीचा तिसरा मजला माणसांनी फुलून गेला होता. खालचे पार्सल बांधणारे वर आले होते, शेजारच्या लेसपट्टीच्या दुकानातले आले होते, आणि चहावाला चहा द्यायचा विसरून ट्रे धरून उभा होता. सगळ्यांचे डोळे भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला चिकटलेले. पडद्यावर एक आकडा होता. तो हळूहळू उतरायचा, आणखी उतरायचा, आणि मग कुणी चिमटा काढल्यासारखा टुणकन उडी मारून मूळ जागी जाऊन बसायचा.

"आला! परत अंगात आला!" पंडित ओरडला.

हा पंडित त्या ऑफिसचा सुपरवायझर. मालक नटुभाई शेठ. शेठ ऑनलाइन साड्या विकतात, आणि साडी म्हटली की तक्रार आलीच. मागवली मोरपंखी, आली भगवी. साडी आली, ब्लाउजपीस नाही. अशा प्रत्येक तक्रारीला नंबर मिळतो, त्याला तिथे 'तिकीट' म्हणतात. एक प्रोग्राम ही तिकिटं आपणहून वाचतो, कुरियरवाल्यांकडे चौकशी करतो आणि गिऱ्हाइकाला उत्तर पाठवतो. पडद्यावरचा आकडा म्हणजे शिल्लक तिकिटं. वर्षभर हे सगळं सुरळीत चाललं. लग्नसराई आली आणि आकड्याला उड्या फुटल्या. एका बाईला तर 'आपली तक्रार सोडवत आहोत' हा निरोप एकाच दिवसात इतक्यांदा गेला, की तिने चिडून 'सोडवू नका' असं उत्तर पाठवलं.

मी डिंडोलीत कॉम्प्युटरचे वर्ग घेतो. माझी जुनी विद्यार्थिनी जयश्री या ऑफिसात कामाला आहे. तिचा फोन आला, "सर, तमाशा बघायला या. पंडितभाऊंनी कॉम्प्युटर झाडायला महाराज आणलेत." असलं काही मी चुकवत नाही.

लोटू महाराजांनी कॉम्प्युटरच्या डब्याला मोरपिसाचा झाडू मारला, कान लावला आणि डोळे फिरवले. "या डब्बामा बाधा बठेल शे!" ते गरजले. "अकरा रुद्र खवळेल शेतस! आजपासून एका वेळेला अकराच तिकिटं. एक जास्त नाही, एक कमी नाही!"

प्रोग्राम एका खेपेला किती तिकिटं उचलणार, हे ठरवायचा एक चौकोन असतो. पंडितने तिथला आकडा पुसून अकरा लिहिले. आणि काय सांगू, आकडा उतरायला लागला तो उतरतच राहिला! उडी नाही की बिडी नाही. टाळ्या पडल्या. नटुभाईंनी महाराजांच्या पायावर डोकं ठेवलं.

"पंडित, आधी तिथे किती होते?" मी विचारलं.

"पाचशे."

"मग अकरामुळे नाही, आकडा लहान झाल्यामुळे चाललंय!" मी ओरडून सांगितलं. जयजयकारात माझं कोण ऐकणार? मी चरफडत घरी आलो.

शनिवारी जयश्रीचा पुन्हा फोन. या वेळी ती रडत होती. उड्या थांबल्या होत्या, पण संध्याकाळी बायका पार्सलं उघडून तक्रारी करायला बसल्या की आकडा वाढायचा, आणि रोज आदल्या दिवसापेक्षा जास्त शिल्लक उरायची. म्हणून महाराजांना परत बोलावलं होतं. महाराजांनी नाक वर करून हवा हुंगली आणि सांगितलं, आतली बाधा गेली, बाहेरची राहिली. या ऑफिसात कुणीतरी अंडं खातं.

खाते. जयश्री डब्यात आम्लेट आणते आणि गपचूप जिन्यात बसून खाते, कारण बाकी सगळं ऑफिस शाकाहारी. शेठनी तिला सांगून टाकलं, सोमवारपासून येऊ नकोस. तिच्या नवऱ्याचा कापड विणायचा लूम गेल्या महिन्यात बंद पडलाय. घर तिच्या एकटीच्या पगारावर चाललंय.

मी चप्पल पायात सरकवली ती तडक गोडादऱ्याला. महाराज खुर्चीत बसून फाफडा खात होते.

"शेठ, मला दुपारभर वेळ द्या," मी म्हणालो. "महाराज, अकराऐवजी तेरा केले तर?"

"तेरा!" महाराजांच्या हातातला फाफडा पडला. "सत्यानाश व्हई जाई!"

"आणि ते तेरा जयश्रीने लिहिले तर? आम्लेट खाऊन?"

"आग लागेल! या मजल्याला आग लागेल!"

"सगळ्यांनी ऐकलंत ना?" मी विचारलं. लोकांनी माना डोलावल्या. नटुभाई घाबरून म्हणाले, "सर, मारे धंदो करवानो छे, प्रयोग नथी करवानो," पण उत्सुकता त्यांनाही सोडवेना. त्यांनी आग विझवायचा लाल सिलिंडर तेवढा जवळ आणून ठेवला.

जयश्रीने डबा उघडला. सगळ्यांसमोर, खुर्चीत बसून, दोन घास खाल्ले. मग हात पुसून तेरा लिहिले.

आकडा उतरायला लागला. पंडित सिलिंडरला मिठी मारून उभा होता. आग सोडा, साधा पंखासुद्धा बंद पडला नाही.

"आता पासष्ट कर," मी म्हणालो. आकडा पहिल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट वेगाने घसरू लागला. कुणीतरी शिट्टी मारली. एकशे तीस केले. तेही उडी न मारता पुरे झाले, पण घड्याळात दहा मिनिटं भरता भरता. मग मी म्हणालो, "आता मी भूत बोलावतो. दोनशे साठ लिही." आकडा उतरला, उतरला, आणि टुणकन वर!

"बघा! बघा! बाधा शे!" महाराज खुर्चीतून उठले.

"शे ना! आता ही घालवतो. जयश्री, पासष्ट." उड्या थांबल्या. "परत बोलावू?" मी तीनदा भूत बोलावलं आणि तीनदा घालवलं. तिसऱ्या वेळी लोक हसायला लागले.

मग मी त्यांना सांगितलं. या प्रोग्रामला एका खेपेसाठी दहा मिनिटांची मुदत घालून दिलेली आहे. तेवढ्यात खेप पुरी झाली नाही, तर तो झालेलं कामही रद्द धरतो आणि उचललेली सगळी तिकिटं परत रांगेत टाकतो. म्हणून आकडा उडी मारतो, आणि म्हणूनच गिऱ्हाइकांना तेच तेच निरोप जातात. एरवी तिकिटं थोडी असायची, त्यामुळे पाचशेची खेप कधी भरतच नव्हती. लग्नसराईत ती भरली आणि मुदतीत मावेना.

"मग अकरा का पुरत नव्हते?" पंडितने विचारलं. प्रश्न चांगला होता.

"प्रत्येक खेपेच्या सुरुवातीला प्रोग्राम कुरियरवाल्यांच्या दारात उभा राहून आत घ्या म्हणतो. त्याला एक मिनिट जातं, खेप लहान असो की मोठी. डिंडोलीहून स्टेशनला दर फेरीला एकच माणूस नेणारी रिक्षा दिवसभर पळेल, पण किती माणसं पोचवेल? अकरा काय, दहा किंवा बारा ठेवले असते तरी उड्या थांबल्याच असत्या आणि शिल्लक उरलीच असती. आणि एकशे तीसवर राहायचं नाही. कुरियरवाले एखाद्या दिवशी सुस्तावले की मुदत चुकायची. पासष्ट ठीक आहे. तिकिटं वाढली की पुन्हा करून बघा."

"महाराज, तुम्ही माझ्या मेहुण्याच्या बोअरलापण अकराच सांगितले होते," पार्सलवाल्यांतला एकजण म्हणाला. "अकरा नारळ."

"पानी लागनं का?" महाराजांनी घाईने विचारलं.

"नाही."

महाराज झाडू काखेत मारून जिना उतरले. उतरता उतरता, खरी बाधा आपणच काढली, असं चहावाल्याला सांगून गेले.

नटुभाई जयश्रीकडे बघून हसले. "बेन, सोमवारी ये. चूक थई गई."

"येईन," जयश्री म्हणाली. "पण शेठ, एक सांगा. आज सरांना कारण सापडलं नसतं, तर मी अपशकुनी ठरले असते ना?"

मला त्या पोरीचा विलक्षण अभिमान वाटला, कारण मी दुपारभर जे दाखवलं त्याच्यापुढचं ती बोलली होती. वाचकहो, प्रत्येक बिघाडाचं कारण त्याच दिवशी सापडतं असं नाही. मलाही कित्येकदा सापडत नाही. तेव्हा 'अजून कळलं नाही' असं सरळ म्हणावं, एका वेळी एक गोष्ट बदलून बघावी, आणि काय होतं ते सगळ्यांसमोर मोजावं. कारण सापडेपर्यंत वाट बघता येते. पण कारणाच्या जागी एखादं माणूस उभं करायचं आणि त्याच्या ताटातली भाकरी काढून घ्यायची, हे कुठल्याही देवाने तुम्हाला सांगितलेलं नाही.