एका सेंटचं तळं

शेवटी तो गेम आम्हाला एका सेंटला मिळाला. हे वाक्य कृपया विसरा. असं काही घडलेलं नाही. दुकानाचं यंत्रही हेच म्हणतं, आणि यंत्राला खोटं बोलून काय मिळणार?

तर न घडलेली गोष्ट अशी. अमेरिकेतल्या सँडस्की गावात, आमच्या मोठ्या दुकानात टीव्हींच्या मागे एक बुटकं फडताळ आहे. जे व्हिडिओ गेम खपत नाहीत ते शेवटी तिथे येऊन पडतात. दर मंगळवारी सकाळी त्यांच्या पिवळ्या स्टिकरवर नवं पिवळं स्टिकर चढतं आणि भाव उतरतो. मी आणि माझी मोठी बहीण ट्रूडी लहानपणापासून मंगळवार पाळतो. आमच्या घरी चर्चला दांडी चालते, मंगळवारला नाही. नियम एकच. घाईनं घेतो तो गिऱ्हाईक, शेवटच्या स्टिकरपर्यंत थांबतो तो शिकारी.

गेम होता चंद्रावरच्या मासेमारीचा. चंद्रावर तळं, तळ्यात होडी. एकानं वल्हवायचं, दुसऱ्यानं गळ टाकायचा. एकट्याला तो सुरूच होत नाही. लहानपणी शेजाऱ्यांकडे एकदा खेळलो होतो. ट्रूडीनं वल्हवलं, मला एकही मासा लागला नाही, आणि ते तळं मला अजून झोपेत दिसतं. आता ट्रूडी अलास्काला चालली होती, माशांच्या कारखान्यात, खऱ्या माशांची पोटं साफ करायला. जायच्या आत तो गेम एकदा दोघांनी खेळायचा, एवढीच आमची इच्छा होती.

एका मंगळवारी तो फडताळावर बारा डॉलरला दिसला. "आजच घेऊन टाकू," मी म्हणालो.

"बारा डॉलरला?" ट्रूडीनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप तर नाही. पुढच्या मंगळवारी उतरेल की."

"पुढच्या बुधवारी तू जाणार."

"म्हणजे एक अख्खा मंगळवार आहे हातात. जा, लपव."

लपवणं हा आमच्यात गुन्हा नाही, रीत आहे. मी गेम बर्फ वितळवायच्या मिठाच्या गोण्यांमागे सरकवला. जुलैत तिकडे कोण फिरकतंय?

पुढच्या मंगळवारी गोण्यांमागे हात घातला तर हाताला एक इलेक्ट्रिक पातेलं लागलं. कुणाचं तरी लपवलेलं असणार. मी ते अदबीनं परत जागेवर ठेवलं आणि ट्रूडीकडे पाहिलं. ती छताकडे पाहत होती.

"शनिवारी व्हर्नन आला होता," ती म्हणाली. व्हर्नन म्हणजे हिरव्या टोपीवाला, आमचा जन्माचा प्रतिस्पर्धी. "मिठाकडे टक लावून बघत होता. म्हणून मी हलवला."

"कुठे?"

"हलवला तेव्हा आठवत होतं."

"शाब्बास! व्हर्ननला जे इतक्या वर्षांत जमलं नाही ते तू एका शनिवारात केलंस."

आम्ही शोधत निघालो. सकाळच्या त्या दुकानात आवाज असा नव्हताच, नुसती दिव्यांची गुणगुण. नुकतीच पुसलेली फरशी इतकी चकाकत होती की पाय जपून टाकावा, बुडायचा. उशा झाल्या, रंगाचे डबे झाले, कुत्र्यांची बिस्किटं झाली. शोभेच्या माशांच्या टाक्यांपाशी सगळी गल्ली निळी झाली होती आणि पलीकडे, खेळाच्या सामानात, नमुन्याची एक होडी मांडलेली होती.

"आठवलं," ट्रूडी म्हणाली.

गेम होडीत होता, लाइफ जॅकेटखाली. तो घ्यायला आम्ही आत चढलो, आणि मग उतरावंसं वाटेना. ट्रूडीनं वल्हं उचललं. मी जॅकेटची दोरी सोडून फरशीवर टाकली. निळा उजेड हलत होता, होडीही हलल्यासारखी वाटली. ढकलगाडी घेऊन एक बाई आली, आमच्या कडेनं हळूच वळसा घालून गेली.

"लागतंय का काही?" तिनं विचारलं.

"अजून नाही," मी म्हणालो.

"बाकीचं घरी," बऱ्याच वेळानं ट्रूडी म्हणाली. मग आम्ही काउंटरवर गेलो. तिथे ओपल असते. तिनं गेम यंत्रापुढे धरला. आकडा उमटला, एक सेंट.

ट्रूडीनं माझा दंड इतका दाबला की कळ आली. अशी शिकार व्हर्ननला अख्ख्या जन्मात साधली नव्हती.

"मग हा विकता येत नाही," ओपल म्हणाली.

"का?"

"एक सेंट हा भाव नसतो रे राजा, तो निरोप असतो. माल दुकानातून उठला, कुठे दिसलाच तर मोडून टाका."

"पण हा काय, इथे आहे की!"

"मला दिसतोय. यंत्राला नाही."

"बारा डॉलर देतो. पन्नास देतो!"

"एका सेंटच्या वस्तूचे पन्नास घेऊ? उद्या मलाच काढतील." तिनं गेम मागच्या करड्या पेटीत टाकला. टाकताना तिलाही बरं वाटलं नाही, हे दिसत होतं. "काल यायचं ना. काल बारा डॉलरला होता."

"काल सोमवार होता," ट्रूडी अगदी हळू म्हणाली. "सोमवारी कोण येतं?"

सबब, माननीय व्यवस्थापक, मंगळवार विभाग, यांस नम्र विनंती की, सदर गेम पेटीतून काढून त्याचा भाव पूर्ववत, म्हणजे पूर्ण, करण्यात यावा. त्यावर कोणतीही सूट देऊ नये, आम्ही उभयता ती मागणार नाही. आणि ही कार्यवाही पूर्ण होईपर्यंत उद्याचा बुधवार स्थगित ठेवण्यात यावा.