एल्दारच्या पायातला दोरा

"लंगड्या बाईच्या हातून माझ्या नातवाचा दोरा कापायचा? काहीतरीच तुझं!" मामबेत चहाची वाटी खाली ठेवत म्हणाले.

मी गप्प राहिले. सकाळच्या नमाजानंतर तस्बीहचे शंभर मणी पुरे होईपर्यंत मी बोलत नाही. चाळीस वर्षांच्या संसारात हे त्यांना पुरतं ठाऊक झालंय, म्हणून अवघड विषय ते नेमका त्याच वेळी काढतात.

मूल चालू लागलं की काळी आणि पांढरी लोकर एकत्र पिळून त्याचा दोरा करायचा आणि मुलाचे दोन्ही पाय त्यानं सैलसर बांधायचे. मग नात्यागोत्यातल्यांनी पळत यायचं. पहिला जो पोहोचेल त्यानं सुरीनं दोरा कापायचा आणि मुलाचे हात धरून त्याला चालवायचं. कापणाऱ्याची चाल मुलाला लागते, असं आमच्याकडे सगळे मानतात. मीही मानते. मामबेतनी तर महिनाभर आधीच माणूस ठरवून ठेवला होता, त्यांचा पुतण्या रिसबेक. नुकताच सैन्यातून परत आलेला, आणि डोंगर चढताना त्याला धापसुद्धा लागत नाही.

माझ्या मनात मात्र कनिशाय होती.

कनिशाय आमच्या गावच्या दवाखान्यातली नर्स. जन्मतःच तिचा डावा खुबा सैल होता, तो निसटला आणि ते वेळेवर कुणाच्या लक्षात आलं नाही. पाय आखूड राहिला. दर पावलाला ती डावीकडे झुकते. एल्दार पाच महिन्यांचा असताना त्याच्या मांडीवरची एक जास्तीची वळी तिनंच पाहिली. पाय फाकवून बघितला तर एक बाजू अडत होती, खुबा निसटायला लागला होता. "पाळण्यात ह्याचे पाय कोण बांधतं?" तिनं विचारलं. मी बांधत होते. सरळ, घट्ट, माझ्या सासूनं शिकवलं तसे. मान वर करायची मला लाज वाटली. तेव्हा ती हळूच म्हणाली, "आपा, माझ्या आईनंही असेच बांधले होते. मायेनंच."

मग शहरातल्या डॉक्टरला दाखवून झालं, पाय बेडकासारखे फाकवून ठेवणारा पट्टा आला. आम्ही उन्हाळाभर वरच्या कुरणावर असतो. दवाखान्याची जीप जिथवर डांबर आहे तिथवरच येते. पुढे लाकडाच्या ट्रकांसाठी जंगलातून काढलेली खडीची वाट. गेल्या उन्हाळ्यात दर गुरुवारी कनिशाय त्या वाटेनं सायकलवर यायची, पट्टा सैल करायची, पाय चोळून द्यायची. दारात बसून एका दमात वाटीभर कुमिस, घोडीचं आंबवलेलं दूध, प्यायची, एवढंच मी बघितलं होतं. तो चढ ती सायकलवर कसा चढते, ते विचारायचं मला कधी सुचलं नाही.

आता एल्दार दोन वर्षांचा होत आला होता आणि तंबूचा खांब सोडून चार पावलं टाकत होता.

शंभरावा मणी सरला. मी म्हणाले, "बरं. रिसबेक पळू दे. पण पळायचं कुठून ते आजी सांगते. आपल्या घरात तसंच आहे ना?"

"सांग की. कुरणाच्या त्या टोकापासून?"

"खालच्या पुलापासून."

मामबेत हसले. "पाच किलोमीटर चढ! अगं, पाहुणे जेवायला येणारेत, मरायला नाही."

"घोडा नाही, मोटार नाही. आपल्या पायांच्या जोरावर जो येईल तो."

ते थांबले. माझ्याकडे नीट बघू लागले. "आणि सायकल?"

"सायकलला कुठे गवत घालावं लागतं?"

"चाळीस वर्षं गप्प बसून हे शिजवत होतीस होय!" मग मांडीवर थाप मारून म्हणाले, "येऊ दे. त्या खडीत चाक टिकत नाही. पण रिसबेक पहिला आला, तर त्या बाईचं नाव पुन्हा काढायचं नाही."

कबूल केलं. सून ताजागुल चुलीपाशी होती. हातातलं पीठ मळायचं ती थांबली होती.

गुरुवारी पुलापाशी पाच पोरं आणि कनिशाय. कुणी मध्येच ट्रकला लटकू नये म्हणून साक्षीला मी, घोडीवर. दर गुरुवारसारखा मला रोजा होता.

"एजे," थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं रिसबेक कनिशायला म्हणाला, "सायकल ढकलत आणलीत तरी चालेल हं. आम्ही वर जेवून घेतो."

"जेव बाबा. पण मेंढीच्या शेपटीची चरबी तेवढी ठेव माझ्यासाठी. तुझ्या दातांना सोसायची नाही ती, अजून दुधाचे आहेत."

पोरं खिदळली. ती खाली वाकून टायरमधली हवा सोडत होती. मी घाबरून विचारलं, "अगं, हे काय?"

"हवा कमी असली की चाक खडीला धरून राहतं, आपा. टणक असलं की उडतं."

तेव्हा मला तिचं डावं पायडल दिसलं. त्यावर दोन बोटं जाड लाकडाचा तुकडा तारेनं आवळलेला होता.

मी रुमाल हलवला. पोरं उधळली आणि पहिल्याच वळणाआड दिसेनाशी झाली. कनिशाय मागे राहिली. अक्रोडांच्या दाट सावलीत ती इतकी सावकाश चालली होती की माझ्या घोडीला लगाम खेचून धरावा लागला. वाटेवर मुठीएवढे दगड, ट्रकांच्या चाकांनी पाडलेल्या घळी. दोन वळणं गेली तरी पोरांचा पत्ता नाही. न राहवून मी म्हणाले, "उभं राहून जोर लाव ना गं."

"उभी राहिले," ती एकेक शब्द तोडत म्हणाली, "की मागचं चाक... जागच्या जागी फिरतं."

त्यानंतर मी तिला बोलायला लावलं नाही. नुसतं बघत राहिले. ती सीटच्या पुढच्या टोकाशी सरकून बसायची, छाती हँडलपर्यंत न्यायची, आणि नजर चाकाच्या चार हात पुढे. तिथला प्रत्येक दगड तिच्या ओळखीचा होता. कुठे घळीची कड घट्ट आहे, कुठे पाला पडून माती बसलीय, तिथूनच वीतभर रुंदीच्या वाटेनं चाक जायचं. आणि तिचे गुडघे! जमिनीवर जो पाय तिला दर पावलाला खाली ओढतो, तो इथे दुसऱ्याच्या बरोबरीनं वर येत होता, खाली जात होता. बाजूनं बघणाऱ्याला आखूड कुठला ते सांगता आलं नसतं.

अक्रोड संपून जुनिपरची झाडं लागली, तिथे सगळ्यात खडा चढ आहे. ट्रकवालेसुद्धा त्या वळणावर अल्लाचं नाव घेतात. एक पोरगा बुंध्यावर बसून ओकत होता. दोघं गुडघ्यांवर हात ठेवून चालत होते, चौथा नुसता उभा होता. खडी इतकी सुटी की माझी घोडी दोनदा घसरली आणि तिसऱ्यांदा थांबलीच. कनिशाय थांबली नाही. थांबली असती तर त्या चढावर पुन्हा सायकलवर बसता आलं नसतं. पुढचं चाक उचललं गेलं, तिनं छाती आणखी खाली दाबली, चाक टेकलं. मागचं चाक एकदा खरकन फिरलं, पण तिनं जोर कमीही केला नाही, वाढवलाही नाही. तसाच एकसारखा ठेवला. चाकाला माती सापडली. उभी पोरं बाजूला झाली आणि एकानं टोपी काढली. माझ्या बोटांत तस्बीह होती. कितवा मणी ते मला सांगता आलं नसतं.

मी उतरून घोडीला हातानं ओढत नेलं. वर आले तेव्हा झाडी संपत होती आणि रिसबेक कनिशायच्या पुढे शंभर पावलांवर होता. त्यानं मागे वळून बघितलं आणि वाट सोडून सरळ कुरणातून धावत सुटला. वाट मात्र वळसा घेऊन जाते. कनिशायनं गिअर बदलला. सपाटी लागल्यावर तिला जणू सुटका मिळाली. वळशाच्या वाटेवरून तिची सायकल आणि गवतातून रिसबेक, दोघंही एकाच बिंदूकडे निघाले होते. लोक ओरडत होते. पांढऱ्या लोकरीच्या नमद्यावर ताजागुलनं एल्दारला उभं धरलं होतं.

कनिशाय आधी पोहोचली. पण नमदा वाटेपासून दहा पावलं आत. तिनं सायकल गवतात टाकली, पहिलं पाऊल टाकलं, आणि इतक्या चढानंतर पाय तिचे राहिलेच नव्हते. ती गुडघ्यावर आली. उठली. रिसबेक बाजूनं आला, आता एका झेपेचं काम होतं.

"थांब रे!" मामबेतचा आवाज.

ते मध्ये उभे होते. गळ्यात दुर्बीण, मेंढरं राखायला असते ती. तोवर मला कळलं नव्हतं की ते कुरणाच्या काठावरून सगळा वेळ खालच्या वळणांकडे बघत होते.

"काका, ती अजून पोहोचली नाहीये," रिसबेक धापा टाकत म्हणाला.

"तू छान पळालास. बक्षिसाचं काळं कोकरू तुझं." मग कनिशायकडे वळून त्यांनी सुरीची मूठ पुढे केली. "पोरी, सत्तर वर्षं मी चढावर जनावरं पारखतोय. तुझ्या गुडघ्यांकडे बघत होतो. एकदाही ताल चुकला नाही. घोडी असतीस तर तिथेच सौदा केला असता."

"काका, मला पाणी मिळेल का?" कनिशाय म्हणाली.

लोक हसले. पाणी प्यायली आणि तिनं दोरा कापला.

मग एल्दारचे दोन्ही हात धरून ती चालू लागली. हसणं थांबलं. ती डावीकडे झुकत होती आणि पोर नवशिकं, तेही झोकांड्या खात होतं. सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट होती. ताजागुलनं माझं मनगट घट्ट धरलं. सहा-सात पावलांवर कनिशायनं हात सोडले. एल्दार क्षणभर उभा राहिला आणि गवतात पडलेल्या सायकलकडे निघाला. एकटा.

"सरळ टाकतोय ना गं पाय?" मामबेतनी माझ्या कानाशी विचारलं.

"सरळ."

"नीट बघितलंस?"

"बघितलं."

ते काही वेळ बघत राहिले. मग तांब्या उचलून स्वतःच कनिशायसमोर गेले. आमच्यात जेवणाआधी हातावर पाणी धाकट्यानं मोठ्याच्या घालायचं असतं. रिसबेक पुढे झाला, त्याला त्यांनी कोपरानं मागे सारलं. कनिशाय संकोचली, पण तिनं हात पुढे केले. हँडलची पकड अजून त्यांतून गेली नव्हती, बोटं पुरती उघडत नव्हती. मामबेत थेंब थेंब पाणी घालत, ती उघडेपर्यंत थांबून राहिले.