हनुमंत कोळपेंविषयी गावाचं चांगलं मत

माणसाचे हक्क हिमालयाहून उंच असून त्यांच्या रक्षणासाठी शासन अहोरात्र कटिबद्ध आहे, असं हर्षदाच्या हातातल्या आदेशाच्या पहिल्या परिच्छेदात लिहिलं होतं. दुसऱ्यात लिहिलं होतं की या कामासाठी प्रवासभत्ता मिळणार नाही. आणि तिसऱ्यात, राज्य नागरी हक्क आयोगाला मुंबईत जागा मिळेपर्यंत सदस्यांनी आपापल्या घरूनच काम पाहावं. तिसरा परिच्छेद सहसा कुणी वाचत नाही.

हर्षदा मंत्रालयात कक्ष अधिकारी. आयोगावर एक सदस्य नेमायचा होता आणि नावं आली होती तीन. त्यातली दोन साहेबांच्या ओळखीची, म्हणून त्यांची चौकशी फोनवरच, चहा गार व्हायच्या आत उरकली. तिसरं नाव हनुमंत कोळपे, निंबदरवाडी, तालुका शिरूर. हे कुणाच्याच ओळखीचं नसल्यामुळे त्याची कसून चौकशी करणं भाग होतं.

"मॅडम, तुमचं माहेर दौंडलाच ना?" साहेब म्हणाले होते. "मग रविवारी जाऊन या. आणि वाईट काही सापडलं नाही, तर तुम्ही नीट शोधलं नाही असं मी समजेन."

त्यामुळे दौंडच्या रेल्वे कॉलनीतून वडिलांची स्कूटी काढून, चौफुल्यावरून न्हावऱ्याच्या अंगाला वळताना तिच्या डोक्यात एकच प्रश्न होता. या माणसाचं वाईट काय?

निंबदरवाडीत ते कुणी सांगेना.

पहिले भेटले पोपटराव, सोसायटीचे चेअरमन आणि गावातले मोठे बागायतदार. चहाच्या हॉटेलापुढं खुर्ची टाकून बसले होते. हनुमंतचं नाव काढताच ते उठून उभे राहिले, टोपी सारखी केली आणि हात पुढं बांधले.

"हनुमंतराव म्हंजी अत्यंत मनमिळाऊ, धार्मिक आन् परोपकारी व्यक्तिमत्त्व. गोरगरिबांचा आधारवड. त्यांच्या जाण्यानं गावात जी पोकळी निर्माण झाली, ती भरून निघणं शक्य न्हाई."

हर्षदा चरकली. "कधी गेले?"

"अजून न्हाई गेले," पोपटराव खाली बसत म्हणाले. "सकाळीच ग्रामपंचायतीच्या पायरीवर व्हते की, तक्रार घिऊन."

निंबदरवाडीत जिवंत माणसाला चांगलं म्हणायची पद्धतच नव्हती. चांगलं बोलायचं ते दहाव्याला, नदीच्या घाटावर, कावळ्याची वाट बघत. तिथलं भाषण कायम पोपटरावांचं. त्यामुळे कौतुकाचे शब्द त्यांच्याकडं तेवढेच होते, जिवंत माणसासाठी वेगळे करून घ्यायची वेळच आली नव्हती. हे हर्षदाला कळत होतं, दौंडच्या घाटावरही तेच चालतं. तिला खटकलं ते निराळंच. पोपटराव बोलताना फार खुशीत दिसत होते.

"त्यांनी तुमचं कधी काही वाकडं केलं, आप्पा?"

"छ्या! गायरानातलं माझं कुंपण तेवढं काढाय लावलं. जेसीबी आणून."

"राग नाही आला?"

"डोळ्यात पाणी आलं थोडं. आनंदानं."

"हे सगळं लेखी द्याल?"

"आत्ता देतो!" पोपटरावांनी खिशातून चौघडी कागद काढला. घाटावरचंच छापील भाषण. वरचं 'कै.' त्यांनी तिथल्या तिथं खोडलं आणि मोकळ्या जागेत हनुमंतचं नाव घातलं. हर्षदानं कागद पर्समध्ये ठेवला आणि तिचा संशय आणखी एक इंच वाढला.

तेवढ्यात पांढरी जीप थांबली. रांजणगावच्या कंपन्यांना कामगार पुरवणारा सत्यजीत खाली उतरला.

"मॅडम, देवमाणूस! बिहारच्या पोरांना मी ओव्हरटाइम देत नव्हतो, तर माझ्यावर केस टाकली. मी हारलो. काय सुंदर हारलो म्हणून सांगू! लवकर वर घ्या त्यांना."

"वर?"

"म्हंजी मुंबईला."

हरलेला माणूस जिंकणाऱ्याला इतकं गोड बोलतो म्हणजे टेबलाखालून काहीतरी सरकलेलं असतं, एवढं तिला नोकरीनं शिकवलं होतं. अहवालाचा शब्दही सुचला: संगनमत. आता फक्त हनुमंतच्या दारात नवी गाडी दिसायची बाकी होती.

दारात चार शेळ्या होत्या आणि सीट नसलेली लुना. हनुमंतची बायको तानुबाई पाट्यावर ठेचा वाटत होती. हर्षदानं आडवळण घेतलंच नाही.

"काकू, पोपटरावांनी तुम्हाला काय काय दिलं?"

"लई दिलं की," तानुबाई वरवंटा न थांबवता म्हणाली. "आधी ह्यांना निवडणुकीत पाडलं. मग पंगतीला बोलवायचं बंद केलं. मग आमचा नळ तोडला. ह्यांनी नळाची बी केस टाकली, तर सगळ्या धनगरवस्तीलाच नळ आलं. कशानंच हालंना गडी. म्हणून आता मोठं करून घालवाय निघाल्यात. ह्यांचं नाव कुणी धाडलं वाटतंय तुला? पोपटरावानंच. टपालाला बी सोता गेला."

हर्षदाला हसू आवरेना, तोच हनुमंत आत आला. त्यानं चपला काढल्या, तिच्याकडं बघितलं आणि पहिलं वाक्य बोलला.

"वळखपत्र दावा. आन् माझी चवकशी हाय हे मला लेखी कळवलं व्हतं का? न्हाई? मग मला तुमच्यावर तक्रार करावी लागंल."

हर्षदाला हा माणूस आयोगासाठी प्रथमच योग्य वाटला.

"करा," ती म्हणाली. "पण आधी सांगा मामा, तुम्हाला ही नेमणूक हवीय का?"

हनुमंत भिंतीला टेकून बसला. "पायजे," तो म्हणाला. "आमच्यासारख्या वस्त्या काय एका गावात न्हाईत. पर मी मुंबईला गेलो का दुसऱ्या दिशी गायरानात कुंपण. मग वस्तीनं मेंढरं कुठं चारायची? तवा न्हाईच म्हणून लिवा."

हर्षदानं आदेश काढला आणि तिसऱ्या परिच्छेदावर बोट ठेवलं. हनुमंतनं तो दोनदा वाचला, मग कागद उलटा करून मागं काही लपवलंय का तेही बघितलं.

"आन् ही मुंबईतली जागा कवा मिळंल?"

"सरकारी जागा आहे, मामा."

"मग न्हाई मिळत," हनुमंत म्हणाला, आणि त्याचा चेहरा पहिल्यांदाच सैल झाला. "लिवा. करतो."

तिनं ओसरीवर बसूनच अहवाल पुरा केला. 'उमेदवाराविषयी वाईट' या रकान्यात लिहिलं: गावातले सर्व प्रतिष्ठित त्याला गावातून घालवण्यास उत्सुक आहेत. खाली लिहिलं: सबब शिफारस.

परतताना हॉटेलापुढं पोपटराव शाल-नारळ घेऊन उभे होते. सत्यजीतनं फोटोसाठी मोबाइल सरसावला होता.

"झालं का, मॅडम? कवा निघतोय गडी?"

"शिफारस केली, आप्पा. निघायचं कुठं पण? काम घरूनच आहे. पाटी इथंच लागेल. इतके दिवस ते तक्रार द्यायचे, आता राज्यभरातल्या तक्रारी घेतील. तुम्हालाही लांब जायला नको."

सत्यजीतनं मोबाइल खिशात घातला. पोपटरावांनी शालीची घडी जशी होती तशी पुन्हा घातली, नारळ हॉटेलवाल्याला परत दिला. हर्षदानं स्कूटी चालू केली.

ती वळणावर पोचते न पोचते तोच पोपटराव मागून धापा टाकत आले. हँडलवर हात ठेवला आणि इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "मॅडम, एक इनंती व्हती."

"बोला, आप्पा."

"तेवढा भाषणाचा कागद परत द्या. उद्या घाटावर दहावा हाय."