जोडीचा माणूस

सदतीस साली मालगुजार झामसिंग लोकल बोर्डाचे अध्यक्ष झाले आणि जोडीला उपाध्यक्ष कोण घ्यायचा, हा प्रश्न उभा राहिला. बोर्डाची रीतच तशी होती: अध्यक्षानं नाव घ्यायचं, बाकीच्यांनी हात वर करायचे.

नावं दोन होती. भोजराज बारा वर्षं बोर्डात काम केलेला. कुठली विहीर आटते, हैजा, म्हणजे पटकी, आधी कुठं शिरतो, सगळं त्याला पाठ. पण तो पडला दुसऱ्या गटाचा. चुन्नीलाल झामसिंगांच्याच पक्षाचा, तुरुंगात राहून आलेला, बोर्डाची पायरी मात्र कधी न चढलेला. मागच्या निवडणुकीत पक्षाचा उमेदवार म्हातारा होता, तेव्हा हेच झामसिंग गावोगाव सांगत फिरले होते, "अनुभवाले तोड नाई." यंदा म्हणाले, "अनुभव कायले पाहिजे? निष्ठा पाहिजे." जिभेला हाड नसतं, ते असं.

"भोजराजभाऊनं बारा वर्षं खुर्ची उबवली, अन् चुन्नीलालचा तुरुंग तेवढी निष्ठा?" बायको सुमित्राबाईनं विचारलं. "कसं काय जी?"

झामसिंगांनी चुन्नीलालचं नाव घेतलं.

दिवाळीनंतर गावची मंडई आली. मंडई म्हणजे गावची जत्रा; लेकी माहेरी, घरोघर पाव्हणे, दंडारीचा खेळ. आदल्या दिवशी भोजराज अंगणात येऊन उभा राहिला.

"भाऊ, बोदलकशाकडच्या गावांत हैजा होऊन राहिला. विहिरीत लाल दवाई टाका, नाई तं मंडई पुढं ढकला."

मंडईत पक्षाचा झेंडा लागायचा होता, भाषणं व्हायची होती. हा आपली गर्दी मोडायला आला, असंच झामसिंगांना वाटलं.

"आमची मंडई भरली तं तुमच्या पोटात काऊन दुखून राहिलं?"

भोजराज हात जोडून निघून गेला. जाताना त्यानं चुन्नीलालच्या कानावर घातलं, तर तो नुसता हसला. लाल दवाई कुठं मिळते, हेही त्याला ठाऊक नव्हतं.

मंडई उठली आणि गावात हैजा शिरला. घरोघर माणसं गेली. चुलतभाऊ बिसरामची लेक तुलसा पहिल्या दिवाळीला माहेरी आली होती, तीही गेली. झामसिंगांनी तिला खांदा दिला. आपण पोर मारली, एवढंच त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात.

तेरवी आटोपली आणि गाव पारावर जमलं. चुन्नीलाल उठला. "भोजराजनंच विहिरीत कायतरी टाकलं. मंडईच्या आदल्या दिवशी तो विहिरीकडं आला होता. मी पाह्यलो."

गाव खवळलं. झामसिंग उभे राहिले.

"तो मले सांगाले आला होता, दवाई टाका म्हणून. मीच ऐकलो नाई. तुलसाले मी मारलो."

मग बिसराम रडत पुढं आला आणि त्यानं झामसिंगांचे पाय धरले. "वैऱ्याले वाचवाले आपल्या अंगावर घेऊन राहिले! असा देवमाणूस पाह्यलो नाई."

"अरे, खरं सांगून राहिलो!"

ते जितकं ओरडले, तितका जयजयकार वाढला. भोजराजच्या घराला गावची विहीर बंद करायचं तिथंच ठरलं. विहीर बोर्डाची, म्हणून हुकुमावर अध्यक्षांची सही मागितली. झामसिंगांनी टाक भिरकावून दिला.

चुन्नीलालनं तो उचलला, उपाध्यक्ष म्हणून सही केली, आणि तेवढी पुरली.