किल्ली फक्त विनयला ठाऊक

आता विनय टिपणीसला रायफल कशाला हवी होती, हे इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीतल्या एकाही मराठी माणसाला कळलं नव्हतं. पुण्यात असताना या गृहस्थाने दिवाळीत लवंगी फटाकासुद्धा लांबूनच पाहिलेला! पण ऑफिसातल्या केनने त्याला एका रविवारी शूटिंग क्लबात नेलं आणि गड्याच्या डोक्यात खूळ शिरलं. दोन हजार पाच साल संपेपर्यंत त्याचं ठरलंसुद्धा. घ्यायची ती बोल्ट-ॲक्शन, म्हणजे दर गोळीला हाताने दांडा मागेपुढे ओढायची रायफल, आणि तीही स्वस्तातल्या रशियन लष्करी काडतुसाची.

केनला हसू आवरेना. "बोल्ट-ॲक्शन घ्यायची ती अचूक नेमासाठी. तिच्यात असलं ढोबळ काडतूस? काहीतरी एक ठरव!"

"तुझ्या तीन गोळ्यांच्या पैशात मी दहा झाडीन," विनय म्हणाला. "हात बसेल की!"

घरी त्याच्या बायकोने, वैजयंतीने, हा मुद्दा पोहे परतता परतता निकालात काढला. "स्वस्त म्हणून दहा झाडणार, म्हणजे पैसे तेवढेच गेले. वर माझा रविवार गेला. अरे, ते पडदे कोण लावणार?"

पडदे तीन महिने खोक्यात पडून होते.

तरी विनयने अर्ज केलाच. परवाना देण्याआधी पोलिसांचा माणूस घरी येऊन रायफल ठेवायचं लोखंडी कपाट बघतो. त्याची किल्ली कुठे आहे हे परवानेवाल्याखेरीज कुणालाही, अगदी बायकोलाही, माहीत असता कामा नये. विनयने वैजयंतीला आठवडाभर पढवलं. "विचारलं तर माहीत नाही म्हण. सगळं तुझ्यावर आहे गं!"

"माझ्या घरातलं मला माहीत नाही म्हणू?" तिला ते फार लागलं. पण त्याचं रडवेलं तोंड बघून ती म्हणाली, "बरं बाबा, म्हणते."

पोलिसांकडून मिस्टर हॉब्ज आले. चहा झाला, चकलीही झाली.

"हेच काडतूस का?" त्यांनी विचारलं.

"स्वस्त पडतं."

हॉब्जनी तेही लिहून घेतलं. मग ते वैजयंतीकडे वळले. "किल्ली कुठे असते, मॅडम?"

"मला नाही माहीत," वैजयंती कशीबशी म्हणाली.

विनयचा जीव भांड्यात पडला. कपाट उघडून ठेवायला तो वर धावला. एक खण उपसला, दुसरा उपसला, कोटाचे खिसे उलटे केले. किल्ली कुठेच नाही! आणि मग चौदा वर्षांच्या संसाराची सवय त्याच्या तोंडून आपसूक बाहेर पडली.

"अगं, किल्ली कुठे ठेवलीयेस?"

"दाराआडच्या निळ्या पँटीत!" खालून ताबडतोब उत्तर आलं.

दोघं मराठीतच ओरडले होते. पण हॉब्जच्या संसाराला एकतीस वर्षं झाली होती, त्यांना भाषा कळायची गरज नव्हती. त्यांनी पेनाला टोपण लावलं. "मी पुढच्या गुरुवारी येतो. तोवर ती फक्त तुम्हाला माहीत असेल अशा जागी ठेवा."

गुरुवार निभावला. परवाना आला, रायफल आली, काडतुसं आली, सगळं कपाटात बंद झालं. हॉब्जच्या धाकाने विनयने किल्लीची जागा पुन्हा बदलली. या घरात कुणाचाच हात जात नाही अशी नामी जागा त्याने शोधली, आणि पहिल्याच रविवारी ती त्याला काही केल्या आठवेना.

बाहेर केन हॉर्न वाजवत होता. विनयने सोफा उलटा केला, बुटांत हात घातले, डबे धुंडाळले. शेवटी केन एकटाच निघून गेला, आणि विनय बेसनाने माखलेल्या हातांनी ओट्यापाशी येऊन उभा राहिला. त्याला अगदी रडू येत होतं.

"वैजू, खरं सांग. तुला माहितीये ना?"

"मला माहीत असता कामा नये ना रे," वैजयंती म्हणाली. "आता घरीच आहेस तर पडदे लाव."

तो निमूटपणे वर गेला. एकेक पडदा खोक्यातून काढून लावता लावता चार वाजले, क्लबही बंद झाला. शेवटचा पडदा उचलला, तर खोक्याच्या तळाशी किल्ली!

"सापडली का रे?" खालून आवाज आला. "कुठे होती ते मला सांगू नकोस हं!"